लास्ट नेम: कचरू

बाबा, तुमच्या शोकसभेचा फलक दुसऱ्याच पेंटरने रंगवला, आणि तो तुम्हाला अजिबात आवडला नसता. 'भावपूर्ण'चा 'भा' फुगलेला, आणि 'श्रद्धांजली'ला शेवटी जागा पुरली नाही म्हणून 'ली' कोपऱ्यात कोंबलेली. विहारात सगळे डोळे पुसत होते आणि मी त्या 'ली'कडे बघत होतो. आधी खडूने आखून घ्यायचं एवढंही आजकालच्या पोरांना कुणी शिकवत नाही, असं तुम्ही म्हणाला असता, तेही पुढच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने. मला हसू आलं. आईने कोपराने ढोसलं. घरी आल्यावर मात्र तिनेच विचारलं की तू त्या 'ली'ला हसत होतास ना. तीही तेच बघत बसली होती.

लोक अजून भेटायला येतात. तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात आणि त्यातले तुम्ही मला ओळखूच येत नाही. कष्टाळू, ठीक आहे. निर्व्यसनी, चला, तंबाखू सोडून. पण शांत? तुम्ही आणि मी इतकी वर्षं एकाच विषयावर भांडलो, आणि त्या भांडणात शांत असं कुणीच नव्हतं. परदेशातून पत्राने भांडलो, सुटीत आलो की समोरासमोर भांडलो, नागपूरला कायमचा परतलो तेव्हा रोजच्या चहाबरोबर भांडलो. विषय एकच, तुमचं नाव.

कामठी रोडच्या तुमच्या टपरीत दुनियेची नावं रंगली. डॉक्टरांची, वकिलांची, किराणावाल्यांची, ट्रकवाल्यांच्या पोरींची. सायकलला डबे अडकवून तुम्ही पार मौद्यापर्यंत भिंती रंगवायला जायचात. आणि पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पेंटर आपलं नाव टाकतो, तिथे तुम्ही टाकायचात 'के. पेंटर'. लहानपणी मला वाटायचं, 'के' म्हणजे काहीतरी इंग्रजी, भारी असणार.

तुमच्याआधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून तुम्ही झालात तेव्हा आजीने तुम्हाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं आणि पसाभर कण्या घेऊन आजीलाच परत विकलं. फेकून दिलेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही, अशी त्यांची समजूत. नाव पडलं कचरू. मरण फसलं आणि तुम्ही जगलात, पण शाळेतले मास्तर काही फसले नाहीत. त्यांनी त्या नावाचा जो अर्थ घ्यायचा तोच घेतला आणि तुम्हाला दाराबाहेर बसवलं. दीक्षेच्या वर्षी वस्तीत कितीतरी जणांनी नावं बदलली, त्यांच्या पाट्याही तुम्हीच रंगवल्यात. स्वतःचं मात्र बदललं नाहीत, कारण आजी होती. आपण ज्या नावाने पोर वाचवलं ते पोराला नकोसं झालं, असं तिला वाटू नये म्हणून. मग वर्षभराने मी झालो आणि तुम्ही माझं नाव सुगत ठेवलंत, थेट बुद्धाचं. त्या नावात तुमची सगळी हौस फिटली.

आता हे कॉम्प्युटरचं खूळ. इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. आम्ही भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा दुसऱ्या संस्थेत पाठवायचो, आणि आठवड्याने तो परत यायचा, कुठेतरी एक स्वल्पविराम चुकलाय म्हणून. तुम्हाला याची भारी गंमत वाटायची. ते मशीन नेमकं करतं काय, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, आपण जे सांगू ते तंतोतंत तसंच करतं, स्वतःची अक्कल लावत नाही. तुम्ही म्हणालात, असं गिऱ्हाईक मला मिळालं असतं तर मी लखपती झालो असतो. मी म्हटलं, गिऱ्हाईक नाही, पेंटर. तुम्ही म्हणालात, तसला पेंटर तर उपाशीच मरेल.

पण मला त्यातच डॉक्टरेट करायची होती आणि ती तेव्हा इथे होण्यासारखी नव्हती. अमेरिकेला अर्ज करायचे ठरले. आमच्या एका सरांनी विद्यापीठांची नावं दिली आणि वर सांगितलं, की जगभरातून हजारो पोरं तिथे अर्ज करतात, नागपूर नकाशात कुठे आहे हेही त्यांना माहीत नसतं, तेव्हा जास्त आशा धरू नकोस. ते शिफारसपत्र देणार होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलं की मुलगा सालस आहे आणि त्याची वर्तणूक चांगली आहे. संशोधनाबद्दल एक अक्षर नाही, पण वर्तणुकीबद्दल तीन ओळी. माझे बासष्ट टक्के. आपल्याकडे त्यावर वस्तीभर पेढे वाटलेत तुम्ही. तिकडे बासष्ट म्हणजे काठावर पास. प्राचार्यांकडून वेगळा दाखला आणावा लागला, की या विद्यापीठात बासष्ट म्हणजे फार होतात.

फॉर्म बोटीने आले. एकेकच प्रत, खाडाखोड चालणार नाही, मोठ्या सुट्या अक्षरांत भरा, अशी सूचना. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरात पेंटर असताना मी कशाला भरू? रविवारी दुपारी तुम्ही केरोसीनने हात धुतले, मग साबणाने धुतले, काळी शाई आणि नवीन निब काढलं आणि मांडी घालून बसलात. मी मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवरून सांगत होतो. त्यावर नाव होतं, गजभिये सुगत कचरू. आपल्याकडे आडनाव आधी, हे काय सांगायला हवं?

पहिलाच रकाना 'लास्ट नेम'. तुम्ही विचारलंत, म्हणजे काय. मी म्हटलं, लास्ट म्हणजे शेवटचं. शेवटचं काय आहे? कचरू.

तुमचा हात थांबला. "माह्यं नाव काहून पाह्यजे त्याइले?" तुम्ही म्हणालात.

मी इंजिनिअर. मी तुम्हाला सुनावलं, की इंग्रजीचं तेवढं माझ्यावर सोडा. तुम्ही मान डोलावलीत आणि लिहिलंत. रोमन लिपी तुम्ही वाचत नव्हता, चितारत होता. काय अक्षर होतं ते. 'लास्ट नेम'मध्ये कचरू, 'फर्स्ट नेम'मध्ये गजभिये, आणि सुगत बिचारा मधल्या रकान्यात. सगळ्या फॉर्मांवर तसंच. त्या वर्षी अमेरिकेत इतक्या सुंदर अक्षरात इतका चुकीचा अर्ज दुसऱ्या कुणाचा गेला नसेल.

चूक कळली ती पहिलं पाकीट आलं तेव्हा. पोस्टमन टपरीशी थांबून विचारू लागला की मिस्टर कचरू कोण. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत. तुम्हाला आयुष्यात कुणी मिस्टर म्हटलेलं नव्हतं. संध्याकाळी मी पत्र वाचलं. प्रिय मिस्टर कचरू, आम्हाला कळवण्यास खेद होतो. मला रडू आलं, बाबा, आणि तुम्ही पत्र माझ्या हातातून काढून घेतलंत.

"हे मले आलं हाय," तुम्ही म्हणालात. "नापास मी झालो. तुह्यं अजून यायचं हाय."

दुसरं आलं, तेही पातळच. तेही तुम्ही घेतलंत. मला नाही म्हणतात ते, म्हणालात, माझं शिक्षणच काय, चौथी, कसे घेतील? तिसऱ्या वेळी आईने पोळ्या लाटता लाटता विचारलं की तुम्ही अर्ज तरी कशाला करता इतक्या ठिकाणी, टपरी काय वाईट आहे. आम्ही तिघंही हसलो. पण मी आतून पार कोसळलो होतो, हे तुम्हाला माहीत होतं. एकच विद्यापीठ उरलं होतं. तेही नाही म्हणालं असतं तर मी वीज मंडळातली नोकरी धरणार होतो, आणि कॉम्प्युटरचं नाव परत काढणार नव्हतो. त्या दिवसांत तुम्ही मला रोज टपरीवर न्यायचात, ब्रश धुवायला बसवायचात आणि उगाच बोलत राहायचात. त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही. बोलत होतात तेवढं आठवतं, आणि त्याचे उपकार मी कुठेच मांडून ठेवलेले नाहीत.

शेवटचं पाकीट जाड होतं. प्रवेश, वर शिकवण्याच्या कामाचा पगार, फी माफ. प्रिय मिस्टर कचरू, आम्हाला आनंद होतो. मी ते तुमच्यापुढे धरलं, म्हटलं, घ्या, तुम्हाला आलंय. आई म्हणाली, "जा ना मंग अमेरिकेले, पन जेऊन जा."

तुम्ही हात मागे घेतलात. हे माझं नाही, तुझं आहे, म्हणालात. मी म्हटलं, नकार सगळे तुमचे आणि होकार तेवढा माझा, हा कुठला न्याय? तर म्हणालात, बापाचा. आणि त्याच दमात म्हणालात, की आता ते नाव दुरुस्त करून घे.

इथे भांडण सुरू झालं. पत्र जायला पंधरवडा, यायला पंधरवडा, मधे त्यांचं कार्यालय किती झोपेल ते वेगळं. तोवर सत्र सुरू होणार आणि जागा जाणार. मी म्हटलं, राहू दे नाव. तुम्ही हातातला डबा खाली आपटलात.

"मी हे नाव उकिरड्यावरून आणलं," तुम्ही म्हणालात. "तू विमानात घेऊन चालला. आपन काहून एवढं केलं मंग?"

शेवटी तोडगा निघाला तो कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडे. माझा पासपोर्ट एका नावाचा, प्रवेश दुसऱ्याच नावाचा, तेव्हा प्रतिज्ञापत्र करावं लागणार होतं. त्याने झाडाखाली टंकयंत्रावर ते बडवलं आणि वाचून दाखवलं, की सुगत कचरू गजभिये व गजभिये सुगत कचरू हे एकच इसम आहेत. तुम्ही गंभीरपणे विचारलंत, कचरू नावाचा जो इसम इथे उभा आहे त्याचं काय. अर्जनवीस चष्म्यावरून बघत म्हणाला, तो साक्षीदार. तुम्हाला ते इतकं आवडलं की घरी येईपर्यंत तुम्ही सायकलवर हसत होतात. पुढे कुणीही माझ्याबद्दल काही विचारलं की म्हणायचात, मला काय विचारता, मी नुसता साक्षीदार आहे.

व्हिसाच्या खिडकीवरच्या गोऱ्या साहेबाने तो कागद उलटसुलट केला आणि विचारलं, कचरू कोण? मी म्हटलं, माझे वडील. आणि तुम्ही? मीही. त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला.

तिकडे माझा 'गॅज' झाला. गजभिये कुणाला पेलेना. आणि प्राध्यापक मंडळी म्हणत, मिस्टर कचरू. वर्गात हजेरी झाली की ते नाव निघायचं, कुणी हसायचं नाही, कुणी मागे वळून बघायचं नाही. पहिल्या महिन्यात मी नुसता ते ऐकायला वेळेवर जायचो. मग एका भारतीय मेजवानीत दिल्लीच्या एका बाईंनी माझं नाव ऐकलं, आणि आनंदाने विचारलं, की तुम्ही काश्मीरचे पंडित का? त्यांच्याकडे म्हणे असं आडनाव असतं. मी म्हटलं, नाही बाई, आम्ही कामठी रोडचे. हे मी तुम्हाला लिहिलं तेव्हा तुम्ही ते पत्र टपरीवर सगळ्यांना वाचून दाखवलंत. आजीने पसाभर कण्यांत पंडितपण आणलं, ही तुमचीच ओळ, आणि ती तुम्ही पुढे वर्षभर वापरलीत. पण पत्राच्या शेवटी होतंच, नाव दुरुस्त कर.

पदवीच्या वेळी त्यांनी विचारलं की कागदावर नाव कसं छापायचं. तेव्हा घाई नव्हती, अडचण नव्हती. मी कचरूच ठेवलं. तुम्ही ती पदवी आधी पेंटरच्या नजरेने बघितलीत, दोन अक्षरांमधली जागा सारखी नाही म्हणालात. मग त्यातलं आपलं नाव ओळखलंत, आणि तुमचा चेहरा पडला. शेजारीपाजारी जमले होते म्हणून तेव्हा काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, आई भाजीला गेल्यावर, बोललात.

"मी हे नाव मायसाठी ठेवलं," तुम्ही म्हणालात. "तू कोनासाठी ठेवून राहिला गा?"

मी काय म्हणालो माहीत आहे? की माझे शोधनिबंध त्या नावाने छापून आले आहेत, आता बदललं तर गोंधळ होईल. एखाद्या कारकुनासारखं उत्तर दिलं. खरं उत्तर जिभेवर होतं, एका शब्दाचं होतं, पण बापलेकांनी असले शब्द एकमेकांना म्हणायची आपल्या घरात रीत नव्हती. आज म्हणतो. तुमच्यासाठी ठेवलं, बाबा. मास्तरांनी दाराबाहेर बसवलेलं नाव वर्गात पहिल्या बाकावर बसलेलं मला बघायचं होतं.

मी इथे शिकवायला लागलो, आणि तुम्ही गावाच्या पाट्या रंगवणारे असून कॉलेजातल्या माझ्या खोलीची पाटी काही रंगवून दिली नाहीत. नागपुरात ते नाव लोकांना कळतं, पोरं हसतील, म्हणालात. पोरं पहिल्या दिवशी हसायचीही, मग गणितं सुटेनाशी झाली की हसणं जायचं. उलट तुम्हीच हळूहळू त्या पोरांचे झालात. अमेरिकेला अर्ज करणारी पोरं घरी यायची माझ्याकडे, आणि बसायची तुमच्याजवळ. तुम्ही शाई-निब काढून त्यांचे फॉर्म भरायचात आणि आधीच बजावायचात, की लास्ट म्हणजे शेवटचं नव्हे बरं, आमचा डॉक्टर त्यातच फसला. एका पोरीचं आडनाव काळजीपोटी तुम्ही दोन्ही रकान्यांत लिहिलंत. ती अजून तिकडे दोनदा आडनाव लावून फिरते आणि दर नवीन वर्षाला तुम्हाला कार्ड पाठवायची.

एक वाद राहिलाच आपला. माझ्या प्रिंटरचा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांचा कागद बघून तुम्ही विचारलं होतंत, की हे अक्षर आहे का गोवर. मी म्हटलं, थांबा, एक दिवस हे मशीन तुमच्यासारखा 'श्र' काढेल. तुम्ही म्हणालात, माझ्या डोळ्यांदेखत तर नाही. ते मात्र तुम्ही जिंकलात. मी अजून हरलो असं मानत नाही.

तुम्ही नाहीत हे मला दिवसभर कळत नाही. मग घरी येताना टपरीचं बंद शटर दिसतं आणि कळतं. तेव्हा फार वाईट वाटतं, बाबा. मी रस्त्यावर उभा राहून घेतो जरा वेळ.

दवाखान्यातली ती सकाळ अजून आईलाही सांगितलेली नाही. तुमच्या छातीत पाणी झालं होतं, बोलायला धाप लागत होती. नवीन आलेल्या सिस्टरने दारातून विचारलं, कचरू कोण. मी कॉलेजच्या सवयीने म्हटलं, मी. ती सरळ माझ्याकडे सुई घेऊन आली आणि म्हणाली, बाही वर करा. मी गडबडलो. खाटेवरून तुमचा आवाज आला.

"टोच, टोच त्याले. कचरू तोच हाय."

ती थांबली. तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पेशंट कोण, तिने विचारलं.

"पेशंट मी हावो," तुम्ही म्हणालात. दम घेतलात. "पन नाव त्याले देऊन टाकलं मी."

माझ्याकडे तुम्ही बघितलं नाहीत, छताकडे बघत होतात. मी खिडकीकडे तोंड केलं. सिस्टर पोरगेलीशी होती, पण समजूतदार. तिने आवाज उतरवला आणि विचारलं, मग तुम्हाला काय म्हणू?

"बाबा म्हन."

"बरं बाबा," ती म्हणाली, "हात द्या." आणि तुम्ही हात पुढे केलात.